आईने आज मला टॅरोचे पत्ते काढायला लावले

मंडळी, धुळ्याहून लिहितेय. माझे वडील, नाना, परवा सकाळी फिरायला गेले ते अजून परतलेले नाहीत. हल्ली त्यांना घरचा रस्ताही आठवत नाही. पोलिसांत कळवलंय, नातेवाइकांकडे विचारून झालंय.

मी काही महिन्यांपासून ऑनलाइन टॅरो शिकतेय. एरवी त्या पत्त्यांकडे न बघणारी आई आज दुपारी तेच घेऊन आली. म्हणाली, "काढ. नाना कोठे शेतस ते सांग."

मला नाही म्हणवलं नाही. पत्ता निघाला हर्मिट. डोंगरावर एकटाच उभा असलेला म्हातारा, हातात कंदील. शिकवताना याचा अर्थ आत्मचिंतन असा सांगतात. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "ह्या तर नानाच शेतस. डोंगर साक्रीना शे."

भाऊ लगेच मोटारसायकलवरून साक्रीला निघाला. मी त्याला अडवलं नाही, कारण मलाही ते खरं हवं होतं.

आत्ता त्याचा फोन आला. तिकडे नानांना कुणीच पाहिलेलं नाही.

आई पुन्हा समोर येऊन बसलीये. "आखो एक काढ," म्हणतेय. मला यातलं काहीच कळत नाही, हे तिला कसं सांगू?