गव्हाच्या कोठीत ठेवलेला उखाणा

आमच्या घरात जपायची वस्तू कपाटात ठेवत नाहीत, गव्हाच्या कोठीत ठेवतात. माणसाच्या उंचीची पत्र्याची कोठी, वर झाकण, खाली गहू काढायला तोंड. आईचं डोरलं, जमिनीचं खरेदीखत, माझी दहावीची मार्कशीट, सगळं त्या गव्हात कोपरभर खोल पुरलेलं असायचं. चोराला सापडत नाही आणि उंदीर पोचत नाही, असा साधा हिशोब. मी नगरला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, केडगावात फ्लॅटमध्ये राहते, माझं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये असतं, पण खरं सांगायचं तर त्या लॉकरवर माझा कोठीइतका भरवसा नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे अण्णांना, माझ्या वडलांना, कुणी वेड्यात काढायला नको.

आई गेली तेव्हा तिचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता. भावाच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये. नव्या नवरीला उंबऱ्यावर अडवून उखाणा घ्यायला लावला, आणि हसण्याच्या भरात बायकांनी आईलाही धरलं. आईनं जन्मात कधी अण्णांचं नाव घेतलेलं नव्हतं. आमच्याशी बोलताना ‘तुझे वडील’, आणि त्यांच्याशी बोलताना नुसतं ‘ऐकलं का’. त्या दिवशी तिची सुटका नव्हती. तिनं उखाणा घेतला, नावापाशी येऊन थांबली, बायकांनी गलका केला, मग तिनं नाव घेतलं. अण्णा तेव्हा दारात पाण्याची घागर घेऊन उभे होते. नाव ऐकलं आणि घागर तशीच घेऊन मांडवात परत गेले. पाणी कुणाला हवं होतं तेही विसरले. आम्ही त्यावरून त्यांना कितीतरी वर्षं चिडवलं.

शूटिंगच्या डीव्हीडी होत्या, त्या भाचरांनी घासून घासून निकामी केल्या. श्रीगोंद्याच्या स्टुडिओवाल्यानं तेच सगळं एका हार्ड डिस्कमध्ये भरून दिलं आणि वर्षा-दोन वर्षांत स्टुडिओ बंद करून टाकला. त्याच्याकडचे जुने कॉम्प्युटर भंगारात गेले. म्हणजे आई एका काळ्या डबीत उरली.

आई गेल्यावर लगेच ते बघू या, असं मी म्हटलं होतं. अण्णांनी ठाम नकार दिला. वर्ष होईपर्यंत आमच्याकडे गोडधोड नाही, सण नाही, टीव्ही नाही.

“लग्नातलं हसनं-खिदळनं सुतकात बघत्यात व्हय?” ते म्हणाले. “वर्सश्राद्ध झालं की बघू. कुटं पळून चाललंय ते.”

आणि त्यांनी ती डिस्क आईच्या चोळीच्या खणात गुंडाळली आणि कोठीत खोल ठेवून दिली.

उन्हाळ्यात नवा गहू आला. भावानं सगळे करतात तेच केलं. किडीच्या गोळ्या फडक्यात बांधून गव्हात ठेवल्या, झाकण बसवलं, कडेनं माती लिंपली. त्या गोळ्यांचा वायू सोंडकिड्याला मारतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो तांबंही खातो, हे कुणाला ठाऊक असणार? मला नव्हतं. वनस्पतिशास्त्रात ते शिकवत नाहीत.

वर्षश्राद्धाची जेवणं उरकली, पाहुणे गेले, आणि अण्णा धुतलेलं धोतर नेसून टीव्हीसमोर बसले. भावानं कोठीतून खण काढला. त्याला सडक्या लसणासारखा वास येत होता. डिस्क जोडली. दिवा लागला नाही. भावानं वायर बदलली, दुसऱ्या भोकात घातली, फुंकर मारून पाहिली. अण्णा निळ्या पडद्याकडे बघत बसले होते. मला त्यांच्या त्या धोतराचा राग आला. एवढं नटूनथटून कशाला बसायचं माणसानं.

नगरच्या दुरुस्तीवाल्यानं डबी उघडून दाखवली. आतलं सगळं तांबं काळं-हिरवं पडलं होतं. तरी त्यानं खटपट करून ती सुरू केली, तेव्हा आतून खरडल्याचा आवाज आला. मी ती पुण्याला घेऊन गेले. तिथल्या माणसानं दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं की तबकडीच चरली आहे, आता यात काही नाही. त्याच कोठीतला गहू भावानं पुढच्या हंगामात पेरला. तो दाट उगवला.

मला वाटलं, विषय संपला. पण मागच्या हिवाळ्यात अण्णांचा फोन आला. आवाजात इतका हुरूप होता की मी घाबरले.

“ताई, मोबाईलवर दावलं आत्ता. त्या डीएनएत म्हनं समद्या जगाचं गानं, फोटो, पिच्चर मावतं. हजारो वर्सं ऱ्हातं. तुज्याच इषयातलं हाय की.”

मी शनिवारी गावी गेले. ओट्यावर बसून त्यांना समजावलं. मला समजावता येतं, पोटासाठी तेच करते. म्हटलं, अण्णा, खरं आहे ते. कॉम्प्युटरला शून्य आणि एक एवढंच कळतं, तसं डीएनएत चार अक्षरं असतात. आवाज असो, फोटो असो, त्याची त्या चार अक्षरांत मांडणी करायची आणि तसा डीएनए प्रयोगशाळेत तयार करायचा. कोरड्या, गार, अंधाऱ्या जागी ठेवला तर कुठल्याही हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांच्या हाडांतला डीएनए अजून वाचता येतो. आणि जागा म्हणाल तर चिमूटभर पुडीत आपल्या जिल्ह्यातली सगळी लग्नं मावतील.

“मग?” अण्णा म्हणाले.

मग काय. मग मी दुसरी बाजू सांगितली. लिहायला फार वेळ लागतो, खर्च आपल्या आवाक्यातला नाही, लिहिताना आणि वाचताना अक्षरं चुकतात म्हणून एकाच गोष्टीच्या पुष्कळ प्रती काढाव्या लागतात, आणि परत वाचायला पुन्हा यंत्र आणि माणूस पाहिजे. हे सगळं उद्या स्वस्त होईल, परवा घरोघरी येईल. पण आधी काहीतरी हातात लागतं. जे गेलंय ते त्यात ठेवता येत नाही.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम अडवून धरते आहे.

“आगं, पर तिचा डीएनए तुज्यात हायच की. अर्दा तरी. त्यातनं काढा.”

विद्यार्थ्यानं हे विचारलं असतं तर मी हसले असते. अण्णांना कसं सांगायचं, की शरीरातल्या डीएनएला आपण काय बोललो, काय हसलो याचा पत्ताही नसतो? माझ्यात आईचं नाक आहे, गळा आहे, लवकर पिकणारे केस आहेत. तिनं उंबऱ्यावर घेतलेला उखाणा माझ्या एकाही पेशीत नाही. मी तेच सांगितलं, जरा तोडूनच सांगितलं. ते उठून गोठ्याकडे गेले.

पण ते खूळ मलाही लागलं. पुण्यात माझी एक वर्गमैत्रीण अशाच प्रयोगशाळेत काम करते. तिला फोन केला. ती म्हणाली, आवाज असता तरी तो लिहिणं तुला परवडलं नसतं, पण एखादं छोटं वाक्य डीएनएत लिहून काचेच्या नळीत देते तुला, माझ्याकडून. शब्द पाठव.

मी अण्णांना कळवलं. आवाज नाही तर नाही, उखाणा तरी राहील. एक ओळ आणि पुढे नाव. ते लगेच तयार झाले. आणि मग कळलं की शब्दच नाहीत. भाऊ म्हणाला, मी तेव्हा घाबरलेलो होतो, मला माझा उखाणा आठवत नाही. वहिनी म्हणाली, त्यात चांदीचं काहीतरी होतं. आत्या म्हणाली, चांदी न्हाई बाई, जाईची येल. सगळ्यांना एवढंच पक्कं आठवत होतं की आपण खूप हसलो होतो. मी स्वतः शेजारी उभी होते. मला आईच्या हातातलं औक्षणाचं ताट दिसतं, तिच्या कपाळावर फुटलेला घाम दिसतो, ओठ हलताना दिसतात. आवाज नाही.

मैत्रिणीला मी कळवलं की राहू दे. तिनं कारण विचारलं, तेव्हा मला नीट सांगताही आलं नाही.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. भाऊ-वहिनी रानात होते. मी दळणाला गहू काढत कोठीपाशी बसले होते आणि अण्णा समोर भिंतीला टेकून बसले होते. हल्ली ते एकच गोष्ट दोनदा सांगतात, मध्येच गप्प होतात.

“फोनवर तुजा आवाज आला की मला अजून दचकाय हुतं,” ते म्हणाले. “डिट्टो तीच.”

मी सुपात गहू घेत राहिले.

“एकदा घे की नाव.”

“कुणाचं?”

“माजं.”

लेकीनं बापाचं नाव घ्यायचं, तेही तोंडावर. कॉलेजच्या फॉर्मवर कितीदा लिहिलं असेन, तोंडानं त्यांच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. आईला त्या दिवशी कपाळावर घाम का फुटला होता ते मला तेव्हा कळलं. मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि नाव घेतलं. पुढे ‘राव’ लावून, तिनं त्या दिवशी लावलं असेल तसं.

अण्णांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, लागलं बरोबर.

“आवाज तिचाच हाय,” ते म्हणाले. “पर तू लगीच घेतलंस. ती थांबली हुती.”

“किती वेळ थांबली होती? तसं घेते.”

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, बोट एकदा वर केलं, परत खाली घेतलं. मग डोळे उघडून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मान खाली घातली.

“ते आता मलाबी सांगता यायचं न्हाई,” ते म्हणाले. “लाव ते तोंड कोटीचं. गहू सांडायलाय.”