मामांची बालवाडी

ब्रिटिश साम्राज्य बुडाल्याची बातमी ज्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नाही असे एकच गृहस्थ मी पाहिले, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्याचे ते प्रशासन अधिकारी. वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, पण मामांचा जीव जडला होता तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही गोऱ्या पोरांवर. बोअर युद्धानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रज गव्हर्नरने विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली हुशार पोरं कारभाराला जुंपली. लोक चेष्टेनं त्यांना बालवाडी म्हणत. या बालवाडीने चार वसाहती जोडून एक देश करण्यासाठी खटपट केली, आणि मग अख्खं साम्राज्यच नव्याने बांधायला निघाली. "शत्रू असला म्हणून काय झालं," मामा म्हणत, "मसुदा बघ कसा लिहायचे."

ही मंडळी आपली टिपणं उजव्या पानावर छापत आणि डावं पान कोरं सोडत, वाचणाऱ्याने हरकती लिहाव्यात म्हणून. मामांनी ही पद्धत शारजातल्या अल मजाज भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये लागू केली होती. गणपतीची आरास असो, नवे पडदे असोत की मामींचं माहेरपण, आधी मसुदा फिरे. डाव्या पानावर मामी लिहीत, "दही संपलं आहे, येताना खालच्या बकाल्याच्या दुकानातून आणणे." मुलगी लिही, "डॅड, दे आर जस्ट कर्टन्स." मामा दोन्ही हरकती गंभीरपणे फायलीला लावत. दुबईहून परतताना रस्ता तुंबला की ते खुलत, कारण गाडीतल्याला पळून जाता येत नसे. एकदा त्यांनी मला तासभर वसाहतींमधला जकातीचा तंटा समजावला. पुढचा रस्ता मोकळा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तर काच खाली करून त्याला मराठीतच म्हणाले, "हबीबी, दोन मिनिटं, निकालापर्यंत आलोय."

सत्त्याण्णवच्या सुमारास त्यांनी कारखान्यातल्या आम्हा तिघा मराठी तरुणांची स्वतःची बालवाडी काढली. शुक्रवारी चहा, पोहे आणि सुधारणा. पहिला विषय कामगारांचा कॅम्प. तिथे दोन स्वयंपाकघरं होती, एक मल्याळी, एक उत्तरेकडच्यांचं. ती जोडून एकच मोठं, स्वच्छ स्वयंपाकघर करायचं ठरलं. मसुदा सुरेख झाला. तो कॅम्पवर नेऊन कामगारांच्या हरकती डाव्या पानावर लिहून आणायचं काम माझ्याकडे आलं.

ऑगस्टची दुपार होती. मी कॅम्पच्या फाटकापाशी गाडी लावली, एसी चालू ठेवला आणि आतच बसलो. डाव्या पानांवर "हरकत नाही" असं तीन निरनिराळ्या पेनांनी लिहिलं आणि परत आलो. याला आळस म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे कामगार काय म्हणणार हे मला आधीच कळतं, अशी माझी खात्री होती.

नवं स्वयंपाकघर सुरू झालं आणि आठवड्याभरात निम्मी ताटं परत येऊ लागली. माणसं दिवसभर राबून विकतच्या खुबूस रोटीवर आणि ताकावर झोपत होती. दोन आचाऱ्यांपैकी मल्याळी स्वयंपाकघरातला बशीर जास्तीचा ठरला आणि त्याचा व्हिसा रद्द करायचे कागद निघाले. मामा मला घेऊन कॅम्पवर गेले. तुमची तर हरकत नव्हती ना, असं त्यांनी कामगारांना विचारलं.

बशीर शांतपणे म्हणाला, "साब, हमसे पूछा किसने?"

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ऑफिसात जाऊन त्यांनी मालकांना सांगितलं, "चूक माझी एकट्याची आहे." स्वयंपाकघरं पुन्हा वेगळी झाली, बशीर राहिला, आणि मामांची ठरलेली बढती खलास. मला वाटलं, आता आपली पाळी. पण मामा भलतंच बोलले. "त्या पोरांनीही काळ्या माणसांना विचारलं नव्हतं रे. वीस वर्षं वाचतोय मी, आणि दिसलं आज." मग म्हणाले, "बशीरला मात्र खरं काय ते तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

पुढच्या शुक्रवारी मी गेलो. बशीरने पाट्यावर वाटलेलं खोबरं घातलेली माशांची आमटी आणि भात वाढला. "पहले खाओ साब, बात बाद में." मी जेवलो, आमटी पुन्हा मागितली आणि तसाच परत आलो. त्यानंतरही कितीतरी शुक्रवारी गेलो. सांगितलंस का, असं मामा विचारत. इन्शाल्ला, पुढच्या वेळी, असं मी म्हणे.

दोन हजार दोनमध्ये बशीर कायमचा केरळला निघाला. आम्ही दोघं त्याला विमानतळावर सोडायला गेलो. मला मिठी मारून तो मामांना सांगू लागला की इतक्या वर्षांत ऑफिसातला हा एकच साहेब आमच्यात बसून जेवला. मामा ट्रॉली धरून माझ्याकडे पाहत थांबले. मी बशीरच्या बॅगेची चेन नीट लावली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी बशीर आत दिसेनासा झाला तरी ते काचेपाशी उभेच होते. मी हाक मारीन आणि तो मागे वळेल, अशी त्यांना अजून आशा होती.