मामंजींची खूण

आमच्या सायखेड्यात घरोघरच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. माझे सासरे सहादू मात्र तेवढ्यावर थांबणारे नव्हते. विळा, फावडं, घमेलं, गोठ्यातली खुंटीसुद्धा त्यांनी 'स' कोरल्याशिवाय सोडली नाही. संशयाचं भूत कायम मानगुटीवर. दूधवाला हसला तर आज पाणी जास्त घातलं, नाही हसला तरी घातलंच. मी लग्न होऊन आले, तर माहेरून आणलेल्या माझ्या ताटावरही 'स' आला.

मळणीयंत्रात खांदा दुखावल्यापासून त्यांचा उजवा हात वर जात नव्हता. तरी ट्रॅक्टर तेच चालवायचे, कारण आमच्या जुन्या विलायती ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग होतं. पंपाच्या जोरावर चाकं एका हाताने वळायची. चौऱ्याऐंशी साली तो पंप झिरपू लागला. नाशिकला गंगापूर रोडच्या बहिरू मिस्त्रीने मामंजींच्या समोरच तो खोलून तेल अडवणारा नवा रबरी सील घातला. घरी आणून जोडला, तर पहिल्यापेक्षा जास्त गळायला लागला. तेल संपलं की स्टिअरिंग हलता हलत नसे.

माझा नवरा गोरक्ष सहज म्हणाला, "आबा, आता मी चालवतो ना. तुम्ही बसा निवांत."

झालं! मामंजींना चोर सापडला. "यानंच कायतरी ढिलं केलं. बापाला घरी बसवायचं हाय त्याला."

त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद. मामंजींनी तेलाच्या टाकीच्या झाकणाला काळा दोरा बांधला आणि रोज सकाळी गाठ तपासू लागले. दोरा जागच्या जागी, तेल मात्र कमी. तरी त्यांचं आपलं तेच, "माझ्यासारखी गाठ मारायला शिकलाय." गोरक्ष ताटावरून अर्धपोटी उठायचा. मला मामंजींचा इतका राग यायचा की सगळा जोर भाकरी थापताना निघायचा.

शेवटी त्यांनी पंप सोडवून पिशवीत घातला. एसटीत तो माझ्या मांडीवर, कारण मी साक्षीदार. "बहिरू माल बदलतो. माझं ध्यान चुकलं तरी तुझं चुकाया नको," अशी ताकीद मिळाली होती.

मिस्त्रीने पंप खोलला. मामंजी त्याच्या खांद्यावरून वाकून एकेक तुकडा पारखत होते. मिस्त्रीने मधला दांडा फडक्याने पुसला, त्यावरून नख फिरवलं आणि थांबला.

"सील इथं घट्ट बसतो. ही जागा एकदम गुळगुळीत लागते. इथं चरा कोणी पाडला?"

मी वाकून पाहिलं. बारीक, सुबक 'स'.

मामंजींनी टोपी काढली, परत घातली. "मागं तू चहाला गेलास तवा मीच केला, कानशीनं. तू दांडा बदलशील म्हनून. चांगली चकचकीत जागा बघून केला."

"त्याच्यातूनच तेल जातंय, काका. सील कितीही बदला."

मला मोठ्याने हसावंसं वाटलं. पण मामंजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "गोऱ्या..." एवढंच ते पुटपुटले.

मिस्त्रीने शोधाशोध करून दुसरा दांडा आणला. जरा चिडूनच त्याने विचारलं, "याच्यावर खूण करायचीय का?"

"नको. तू बसव." मामंजी बाहेर बाकावर जाऊन बसले. मी तेवढी आत थांबले, पण काही तपासायला नव्हे.

घरी येऊन पंप जोडला. मामंजींनी झाकणाचा दोरा तोडून टाकला. गोरक्ष गोठ्यात वैरण टाकत होता. त्याच्याशी थेट बोलायला मामंजींची जीभ रेटेना, म्हणून माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "सूनबाई, गोऱ्याला सांग, तेल त्यानं भरावं. मी नाय बघत."

गोरक्ष आला. त्याने डबा उचलला आणि ओतू लागला. घाईघाईत बरंचसं तेल बाहेर सांडलं. मामंजींना ते दिसलं नाही. ते खरोखरच पाठ फिरवून उभे होते.