सजातीय जोड्या

आमच्या लॅबचे किस्से सांगायला बसले की माझा चहा हमखास गार होतो. एकातून दुसरा निघतोच.

लॅब नारायण पेठेत, काम गुणसूत्रांचं. फोटोतून एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचं, त्याचा जोडीदार शोधून कागदावर शेजारी ठेवायचा. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. उंची तीच, पट्टे तेच. पुस्तकात त्यांना समजात म्हणतात. आमच्या मॅडम जुन्या वळणाच्या, त्या सजातीय म्हणायच्या. त्यांनी तपासून "चिकटवा" म्हटल्याशिवाय डिंकाला हात लावायचा नाही.

पंख्यालाही नाही. एकदा ऐन मे महिन्यात मला शिंक आली आणि कुणाची तरी अख्खी आनुवंशिकता टेबलाखाली गेली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता रांगा."

*

खालच्या मजल्यावरचे काका एकदा मुलीची पत्रिका घेऊन वर आले. जिन्यात त्यांनी मॅडमचा आवाज ऐकला होता, "ही दोघं सजातीय नाहीत, वेगळी करा!"

काका म्हणाले, "आमची जातीची अट नाही हो. फक्त मुलगा अमेरिकेत हवा."

*

मग कॉम्प्युटर आला. जोड्या लावणारा प्रोग्राम लिहायला निलेश जोशी आला, आयटीवाला, दोन गल्ल्या पलीकडचा. त्याला जोड्या ओळखायला सुजाताने शिकवलं. ती नागपूरची, बौद्ध घरातली, आमच्यात सगळ्यात तयार हाताची. प्रोग्राममधली एक चूक काही केल्या निघेना, म्हणून आमची कात्री आणि डिंक चालूच राहिले. दर शनिवारी निलेश ती काढायला यायचा. चूक त्यानेच ठेवली होती, हे आम्हाला दोघांचं जमल्यावर कळलं.

सुजाताच्या घरचे तयार झाले. निलेशचे वडील, अप्पा, हो म्हणेनात. त्यांच्या होकाराशिवाय लग्न नको, असं सुजाताचंच म्हणणं. पण तिचा डबा रोज तसाच परत जायचा. आम्हाला फार वाईट वाटायचं.

*

एक दिवस अप्पा स्वतःच आले, कॉम्प्युटर बघायला म्हणून. सुजाताने दिलेलं पाणी प्यायले. ती दाराशी गेल्यावर मॅडमना म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण सजातीय नाही."

मॅडमनी टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "अहो, सजातीय म्हणजे हे. एक आईचं, एक बापाचं. उद्या आपल्याला नात झाली, तर तिच्यात आपल्या घरचं आणि सुजाताच्या घरचं असंच शेजारी शेजारी बसेल."

अप्पा बराच वेळ कागद बघत होते. "या जोड्या सुट्याच दिसतात."

"नीट बघून झाल्याशिवाय आम्ही चिकटवत नाही."

अप्पांनी दाराशी उभ्या सुजाताकडे पाहिलं. मग डिंकाची बाटली उचलून मॅडमपुढे ठेवली.

"माझं बघून झालं. चिकटवा."