व्याह्याच्या पैशाचं गाणं

छंदाचा धंदा कर, असं कुणी सांगितलं की त्यात सांगणाऱ्याचा काय फायदा, हे मी आधी बघते. खोड म्हणा हवं तर. पण ऊर्जानगरात आमच्या क्वार्टरवर एक मंडपवाला आला, तेव्हा नेमकी ही खोड झोपली होती.

माझा नाद साधा. लग्नात नवरीकडच्या बायका मुलाकडच्यांना गाण्यातून टोमणे मारतात ना, ती गाणी मी जागच्या जागी जुळवते. व्याह्याची ढेरी, विहिणीचा नखरा, वरातीचा उशीर, काहीही चालतं. गाण्यात म्हटलेल्याचा राग धरायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून जे तोंडावर बोलता येत नाही, तेही गाण्यात बसवून टाकायचं. बदल्यात ओटी, आणि नवरीकडच्या बायकांच्या पंगतीत मानाचं पान. माहेरी होते तेव्हापासून हेच करत आले.

मंडपवाला म्हणाला, "बाई, येवढा गोड गळा फुकट काऊन घालवून राह्यल्या? गडचांदूरले लग्न आहे. पैसे भेटन."

"कोण देऊन राह्यला?"

"पार्टी."

पार्टी म्हणजे कोण, हे मी खोदून विचारायला हवं होतं. नाही विचारलं, त्यानं आगाऊ दिलेले पैसे पर्समध्ये टाकले. माझ्या गाण्याला कुणीतरी किंमत देतंय, याचाच आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?

लग्नाच्या दिवशी मंडपात पोचले, तर नवरीच्या आईनं हात धरून मला आत नेलं. रडून तिचे डोळे सुजले होते. "बाई, ठरलं होतं ते सोडून पोरावाल्याइनं काल गाडी मांगतली. आमाले बोलता येत नाई, पोरीले तिथीच नांदाचं आहे. तुमी गाण्यात टोचजा. चार लोकाइले ऐकू जाऊ द्या."

मी हो म्हणाले. ओळही सुचली होती, फुकटच्या फटफटीवर बसून आमच्या जंगलातल्या वाघाला भ्यालेल्या व्याह्याची.

बाहेर आले तसा मंडपवाला कानाशी लागला. "बाई, व्याह्यावर काही नोको. पैसे त्याइचेच आहेत. चांगलंच म्हणा."

म्हणजे मुलाच्या बापानं नवरीकडची गाणारी आधीच विकत घेऊन ठेवली होती! मला मंडपवाल्याचा राग आला, व्याह्याचा आला. पण पैसे परत करायला हात पर्सकडे गेला नाही. पैसे घेतलेत तर काम केलं पाहिजे, असं काहीतरी मी स्वतःला समजावलं.

आणि मी व्याह्याला दिलदार म्हटलं. पुढच्या ओळीत दानशूर. बायकांनी दोन ओळी माझ्यामागून म्हटल्या, मग एकेक गप्प होत गेली. नवरी मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी एकटीच गात होते. व्याही तेवढा खुशीत मिशीवरून हात फिरवत होता.

नंतर ओट्या भरायला सुरुवात झाली. मी पदर सावरून नेहमीसारखी बायकांत उभी राहिले. नवरीची आई कुंकू लावत लावत माझ्यापर्यंत आली. करंडा तिनं माझ्या पलीकडच्या बाईसमोर धरला आणि मला आदरानं, अगदी आदरानं म्हणाली,

"बाई, तुमची पंगत तिकडे बँडवाल्याइसंग आहे."