फटफटीची जुनी टाकी

तेव्हा मी होते, माझा पोरगा किसन होता आणि सुरतेजवळच्या उधन्याचा तो मिस्त्री होता. माझा म्हातारा, किसनचा बाप, आधीच वारलेला. त्याच्या जुन्या फटफटीवर किसनला छोटी, चकचकीत टाकी बसवायची होती. हल्ली तीच फॅशन म्हणे.

मिस्त्रीनं जुनी टाकी उतरवली, टकटक करून कान लावला. मग रंग उडालेल्या जागेवर हात फिरवला. "मावशी, इथं कोण बसायचं?"

"हाच," मी म्हटलं. मिल बंद पडली तेव्हा याला टाकीवर बसवून आम्ही उपाशीच गावाला गेलो होतो.

किसन म्हणाला, "भंगारात दे."

"राहू दे, भाई. नवीत पेट्रोल किती मावतं? लांब कामरेजहून गाडी ढकलत येशील, तेव्हा ही लागेल." मिस्त्रीनं जुनी टाकी पुसून दुकानातल्या फळीवर ठेवली.

आठव्या दिवशी किसन कामरेजहून ढकलतच आला. लाजेपायी महिनाभर तिकडं फिरकला नाही. मग गेलो, तर दुकान उठलेलं. नाव कुणाला विचारणार? आम्ही नुसतं मिस्त्रीच म्हणायचो.

टाकीला कान लावणारा मिस्त्री कुणाला दिसला तर सांगा, टाकी कुणाला देऊ नको. म्हातारी न्यायला येते.