मामांचं मालधक्क्यावरचं इंग्रजी

वाचकहो, हुशार मुलाला कोणत्या शाळेत घालायचं हे ठरवताना तुम्ही त्या मुलाला एकदा तरी विचारलंत का? खरं सांगा. माझ्या मामांनी विचारलं नव्हतं. शाळांचे हेडमास्तर, त्यांचे शिपाई, फाटकासमोर आवळे विकणारी बाई, सगळ्यांना विचारून झालं. ज्याला शाळेत जायचं होतं तो माझा धाकटा भाऊ श्रीधर तेवढा राहिला. गेल्या महिन्यात मामा गेले. सकाळी कल्याणहून त्यांचे शेजारी आमच्या डोंबिवलीच्या घरी आले, दारातच उभे राहून म्हणाले, "आईंना घेऊन चला," आणि चपला काढायलाही थांबले नाहीत. मी तेव्हा एका सभेच्या पत्रकाची प्रुफं तपासत होते. हातातली पेन्सिल तशीच राहिली. आणि मनात पहिला विचार काय आला सांगू? आता मी भांडायचं कोणाशी...

आमचे वडील बेचाळीसच्या दिवसांत पत्रकं छापायचे आणि वाटायचे. स्वातंत्र्य त्यांनी पाहिलं, पण फार दिवस उपभोगलं नाही. मागे ठेवलं काय, तर ट्रंकभर पत्रकं आणि पुस्तिका. मी वाचायला शिकले ती त्याच ट्रंकेतून. माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह ऐकू येतं असं मामी म्हणते, त्याचं मूळ हे. वडिलांमागे आमची काळजी मामांनी घेतली. ते कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून होते. रेल्वेने पाठवलेला कोणाचा माल हरवला, फुटला, भिजला, की तक्रारीचा कागद त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते त्याचं इंग्रजी उत्तर लिहायचे. जन्मभर त्यांनी हेच केलं. माणूस अतिशय सज्जन आणि त्याहूनही चिकट. एखादी गोष्ट हातात घेतली की ती तपासून, उलटून, हुंगून बघितल्याशिवाय सोडायचे नाहीत.

श्रीधर तेरा वर्षांचा झाला, सातवीत पहिला आला, आणि मामांनी त्याची शाळा हातात घेतली. माझ्या वेळी हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. घराजवळ होती ती माझी शाळा. त्याच वर्षी मी मॅट्रिक झाले होते, पण त्याची दखल म्हणजे मामांनी मला दिलेलं पद: "विमे, तू चल बरोबर. मॅट्रिक झालीयेस, हेडमास्तरांशी दोन शब्द नीट बोलशील." मग आम्ही हिंडलो. कल्याण, डोंबिवली, ठाणं. मामा शाळेत शिरले की आलेली खेप तपासावी तसे वर्ग तपासायचे. बाकावरून हात फिरवून खिळा वर आलाय का बघायचे. पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलायचे. एका शाळेत ते शिपायाशी इतका वेळ बोलत बसले की हेडमास्तर आपणहून बाहेर आले, तर मामा त्यांनाच म्हणाले, "जरा थांबा हं, यांचं होऊ दे." प्रत्येक शाळेत काहीतरी कमी निघायचं. एका शाळेचं पटांगण उताराचं होतं, दुसरीतले संस्कृतचे मास्तर नाकात बोलायचे. आई कंटाळून म्हणाली, "दादा, अहो तुम्ही शाळा बघताय का स्थळ?"

शेवटी मामांच्या मनात भरली ती ठाण्याची एक खाजगी शाळा. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण अशा शाळा आता बऱ्याच निघाल्या आहेत. तिथले हेडमास्तर आमच्याशी उभ्या उभ्याच बोलले. "आम्ही कोणालाही घेत नाही. परीक्षा घेतो. निवडतो," असं म्हणून आत गेले. मी संतापले. मामा मात्र खूश!

"पाहिलंस? निवडून घेतात."

"मामा, निवडून घेतात म्हणजे बाकीच्यांना हाकलतात. मूल म्हणजे काय आंब्याची करंडी आहे?"

"अगं, करंडीसुद्धा चांगल्या गाडीने गेली तर नासत नाही."

अशा माणसाशी वाद कसा घालायचा ते कोणीतरी मला सांगावं. श्रीधरला मी परस्पर विचारलं, तुला कुठे जायचंय? तो म्हणाला, "जिथे बीजगणित लवकर सुरू करतात तिथे." एवढं साधं उत्तर होतं, आणि ते घ्यायला कोणाला सवड नव्हती.

आता खरी अडचण ऐका. सातवीपर्यंत इंग्रजी शिकवायचं नाही, असं सरकारने तेव्हा ठरवलं होतं. त्याप्रमाणे श्रीधरच्या शाळेत इंग्रजीचं एक अक्षर शिकवलं गेलं नव्हतं. ठाण्याची ती शाळा मात्र आपल्या मुलांना शाळेच्या वेळेबाहेर इंग्रजी शिकवायची, आणि आठवीत नवा मुलगा घ्यायचा तर त्याची इंग्रजीची परीक्षा घ्यायची. म्हणजे सरकारी नियम पाळला म्हणून मुलगा नापास! मी म्हटलं, याविरुद्ध पत्रक काढू. मामा म्हणाले, "काढ. तोवर मी त्याला इंग्रजी शिकवतो." आणि त्या सबंध सुट्टीत मामा कचेरी सुटल्यावर रोज कल्याणहून आमच्याकडे यायचे. श्रीधर पाटावर, मामा खुर्चीत, मध्ये पाटी. मुलगा एकपाठी. मामांनी सांगितलेलं वाक्य तो एकदा ऐकायचा आणि जन्माचं लक्षात ठेवायचा. सुट्टी संपेपर्यंत तो घडाघडा इंग्रजी लिहायला लागला. आईने देवापुढे साखर ठेवली. मीसुद्धा मनातून चकित झाले. ते इंग्रजी कसलं आहे हे घरात कळणार कोणाला? माझं मॅट्रिकचं इंग्रजी पुस्तकातल्या धड्यांपुरतं, आणि मामांसमोर ते काढायची माझी छाती नव्हती.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघे हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बसलो होतो. आतून हसण्याचा आवाज आला. मग आम्हाला बोलावलं. आत हेडमास्तर आणि दोन शिक्षक. एकाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलेलं. ‘माझी आई’ हा निबंध होता. हेडमास्तरांनी तो आमच्यासमोर पुन्हा मोठ्याने वाचला. इंग्रजीत होता, मी तो मराठीत सांगते. विषय, माझी आई. आपल्या आजच्या प्रश्नाच्या संदर्भात सविनय कळवण्यात येतं की सदर आई रोज पहाटे उठते. पाहणी केली असता ती डोंबिवली येथे चांगल्या स्थितीत आढळली. डाव्या हातावर भाजल्याची जुनी खूण आहे, त्याखेरीज नुकसान नाही. तरी आपल्याकडून योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती. आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक.

"हे कोणी शिकवलं?" हेडमास्तरांनी विचारलं.

मामा उभे राहिले. टोपी नीट केली. "मी."

"अहो, तुम्ही मुलाला रेल्वेत चिकटवायचा विचार करताय की शाळेत?"

शिक्षक पुन्हा हसले. श्रीधर त्यांच्याकडे बघत होता, मग मामांकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे... आपण काय चुकलो हे त्याला कळत नव्हतं. एकही शब्द चुकला नव्हता, हे तर हेडमास्तरही कबूल करत होते. गणिताचा त्याचा पेपर त्यांच्या टेबलावर होता, त्यावर एकही लाल खूण नव्हती. ते म्हणाले, "गणितासाठी घेतो मुलाला. पण एक अट. घरी कोणी इंग्रजी शिकवायचं नाही." माझा तोल गेला. मी म्हटलं, "जे सातवीपर्यंत शिकवायलाच बंदी आहे त्याची परीक्षा कशी घेता तुम्ही? आणि वर हसता?" हेडमास्तर मामांना म्हणाले, "ही कोण?" मामा म्हणाले, "भाची. लहान आहे. गप गं विमे." आणि हात जोडून, "उपकार झाले साहेब," म्हणून बाहेर पडले.

मासुंदा तलावापाशी येईपर्यंत मी त्यांना काय काय बोलले! तुमचा अपमान झाला, तुम्ही हात जोडलेत, असल्या शाळेत आपला मुलगा पाठवायचा नाही, उचलायचा आणि परत न्यायचा. मामा काठावरच्या कट्ट्यावर बसले. श्रीधरला त्यांनी चणे घेऊन यायला पाठवलं. मग म्हणाले, "हसण्यासारखंच होतं गं ते. मी इतकी वर्षं असंच लिहितो. साहेब हसला नाही कधी. सही करतो आणि पुढे पाठवतो."

मी गप्प बसले नाही. पण मामांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. "माल हरवला तर काय लिहायचं ते मला येतं," ते म्हणाले. "आईबद्दल इंग्रजीत काय लिहितात, ते मला कोणी सांगितलंच नाही."

श्रीधर त्या शाळेत गेला. बीजगणित लवकर सुरू झालं, तो खूश होता, आणि त्याच्या खुशीचा मला राग यायचा. दर रविवारी मामा आमच्याकडे यायचे आणि आता ते पाटावर बसायचे. "बोल मास्तर, या आठवड्यात काय शिकवलं?" श्रीधर त्यांना मुलांच्या वाचनपुस्तकातलं इंग्रजी शिकवायचा. केस पिकायला लागलेला माणूस, मांजर चटईवर बसलं आहे, हे मोठ्याने म्हणायचा. चुकला की तेरा वर्षांचा मास्तर म्हणायचा, "मामा, पुन्हा! इथे कोणाला कळवायचं नाहीये, नुसतं मांजर बसलंय." मामा पोट धरून हसायचे. हेडमास्तरांच्या खोलीतलं हसणं आठवून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि हे स्वतःच स्वतःला हसत होते.

श्रीधर पुढे इंजिनियरिंगला बाहेरगावी गेला. तोपर्यंत मामांनी कल्याणला पारनाक्याजवळच्या आपल्या बिऱ्हाडात, पुढच्या खोलीत, संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला होता. नगरपालिकेच्या शाळेतली हुशार मुलं यायची, ज्यांच्या घरी इंग्रजी कोणाला येत नाही अशी. पहिल्या दिवशी मामा प्रत्येकाला विचारायचे, "तुला कुठल्या शाळेत जायचंय?" मुलाने सांगितलेलं ऐकून घ्यायचे. मग विचारायचे, "का?" हे विचारायला त्यांना कोणी शिकवलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

पण या वर्गावरून आमची जी भांडणं झाली! मी म्हणायचे, मामा, तुम्ही त्याच शाळांना मुलं चाळून देताय. तुमची मुलं पास झाली की त्या म्हणणार, बघा, परीक्षा न्याय्य आहे, गरिबाचं पोरही पास होतं. जे राहिले त्यांचं काय? मामा म्हणायचे, "राहिले त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बसवतो." मी म्हणायचे, परीक्षाच बंद झाली पाहिजे. ते म्हणायचे, "जूनपर्यंत होईल का?" आमची शेवटची भेटही याच भांडणात गेली. मी तावातावाने उठले, ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "तुझं पत्रक चांगलं आहे. पण फार लांबतं. मुलं वाचणार नाहीत." मी तरातरा जिना उतरले.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी मामीजवळ बसले होते. जिन्यावर पावलं वाजली. मुलं आली, रांगेत चपला काढल्या आणि पुढच्या खोलीत जाऊन बसली. मामी म्हणाली, "त्यांना सांगितलं होतं गं नका येऊ म्हणून. आता आलीत तर बस जाऊन त्यांच्यासमोर." मी बसले. आणि ही परीक्षा मुळात अन्यायाची का आहे, हे त्यांना समजावून सांगू लागले. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "ताई, ते झालं. आता पुढचा धडा घ्या ना, जूनला परीक्षा आहे."

तेव्हापासून मी जाते. वाचकहो, मला हे जमत नाही. शिकवायला चिकाटी लागते आणि मला वाद घालायची सवय. त्या शाळांविरुद्ध मी लिहायची थांबणार नाही. परीक्षा बंद व्हायला हवी, हे मी मामांच्या फोटोसमोरही म्हणते. पण समोरची मुलं जूनला त्या खोल्यांत एकेकटी जाऊन बसणार आहेत, आणि त्यांचा निबंध वाचून कोणी हसलं तर तिथे मी नसेन. म्हणून, संपादकांनी हा लेख स्मृतिलेख म्हणून छापला तरी तुम्ही पत्रक म्हणून वाचा. ज्यांना बरं इंग्रजी येतं आणि जे कल्याण-डोंबिवलीच्या आसपास राहतात, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ मला द्यावी. पारनाक्याला येऊन कोणालाही मालधक्क्यावरच्या मामांचं घर विचारा, दाखवतील. ओळख लागत नाही, पदवी लागत नाही. मुलं दिवे लागायच्या सुमारास येतात, वेळेवर येतात, आणि माझी भाषणं त्यांना आता पाठ झाली आहेत. लवकर या.